नाताळच्या बाजारात बाबांची पेटी

डिकीत पेटी होती आणि पुढच्या सीटवर पेटीचे मूळ मालक, म्हणजे माझे बाबा. त्यांना तिचा पत्ता लागू नये म्हणून मी पेटीवर सहलीची चटई, चटईवर लेकीचे, रेवाचे गमबूट आणि सगळ्यात वर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा रचला होता. डिसेंबर २०२१ मधला रविवार. ब्लँचर्डस्टाउनच्या आमच्या गल्लीत सगळ्या गाड्यांच्या काचांवर बर्फाची साय धरली होती. निखिल, माझा नवरा, एका जुन्या कार्डाने ती खरवडत होता, आणि कानटोपी, मफलर, मास्क असा जामानिमा करून बाबा आतून त्याला सूचना देत होते.

निघालो होतो नाताळच्या बाजाराला. ड्रोहेडाच्या पलीकडे अर्ध्या तासावर एक जुनी जमीनदारी हवेली आहे. आसपासचे लोक तिला नावाने हाक मारत नाहीत, नुसतं ‘बिग हाऊस’ म्हणतात. नाताळाआधी तिच्या तबेल्यांत आणि अंगणात कारागिरांचा बाजार भरतो. आदल्या वर्षी सगळंच बंद होतं, त्यामुळे या वर्षी लोक नुसते उतावीळ झाले होते. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आठवडाभर तेवढीच चर्चा होती. मीही उतावीळ होते, पण माझं कारण वेगळं होतं.

बाबा सांगलीचे. बँकेत नोकरी आणि उरलेला सगळा वेळ पेटी. आई गायची, बाबा साथ करायचे. आई गेल्यानंतर वर्षभराने आम्ही आयर्लंडला यायला निघालो, तेव्हा त्यांनी पेटी माझ्या हातात ठेवली. “इथं ती नुसती माझ्याकडं बघत बसती. तू घेऊन जा, वाजव,” एवढंच म्हणाले. मी पहिले काही महिने वाजवलीही. मग लॉकडाऊन लागला, पेटीच्या खोलीत माझं ऑफिस आलं, आणि दोन महिन्यांत त्या खोलीच्या भिंतींवर ओलीचे काळे ठिपके उमटले. शेजारच्या मॉरीनने एकदा सांगितलं होतं की घरातलं चांगलंचुंगलं सगळं ती हॉट प्रेसमध्ये (गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट) ठेवते, तिथे ओल शिरत नाही. ती बोलत होती लोकरी ब्लँकेटांबद्दल. मी पेटी ठेवली. टॉवेलांच्या चळतीखाली, टाकीला खेटून, दीड वर्षं. वर ‘काय सुरेख जागा सापडली’ म्हणून निखिलकडून शाबासकीही घेतली.

बाबांचं तिकीट निघाल्यावर पेटी बाहेर काढली, तर भाता दम्याच्या रोग्यासारखा धापा टाकतो, लाकडाला बोट जाईल एवढी फट आणि पांढरी दोन ही कळ दाबली तर चकार शब्द नाही. तेव्हापासून माझी झोप उडाली होती. बाबांना मी सांगून टाकलं की पेटी मैत्रिणीच्या मुलीला शिकायला दिली आहे. त्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की मला तोंड लपवायला जागा उरली नाही. “वाजतीय न्हवं? मग झालं की,” म्हणाले. जानेवारीत ते परत जाणार होते. त्याआधी पेटी वाजायला हवी होती, आणि ती कशी गप्प झाली ते त्यांना कळता कामा नव्हतं. देवासारखी मॉरीनच पुन्हा धावून आली: “एक नोरा म्हणून आहे. मेलोडियन, कॉन्सर्टिना असली भात्याची वाद्यं दुरुस्त करते. फोन उचलत नाही, पण बिग हाऊसच्या बाजारात हमखास बसते.”

मोटरवे सोडला आणि आयर्लंड सुरू झालं. दोन्ही बाजूंना निष्पर्ण कुंपणं, त्यांच्यामागे हिरवीगार कुरणं, आणि कंबरेएवढं चढून तिथेच थबकलेलं ऊन. इथे डिसेंबरात सूर्य डोक्यावर येतच नाही, दिवसभर डोळ्यांत घुसतो. बाबांना सगळ्यात आवडल्या त्या मेंढ्या, कारण काहींच्या पाठीवर निळा रंग होता आणि काहींच्या लाल.

“पोळा झालाय काय गं यांचा?”

“आजोबा, दॅट्स जस्ट सो दे नो हूज शीप इज हूज,” मागून रेवा म्हणाली. ती आठ वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र पक्क्या आयरिश हेलात येतं. आजोबा सांगलीतून बोलतात, नात डब्लिनमधून, आणि दोघांचं उत्तम चालतं.

हवेलीच्या फाटकाशी पिवळ्या जाकिटातल्या माणसाने आम्हाला एका शेतात वळवलं. “डॅडी, युअर मॅन वॉन्ट्स अस ओव्हर देअर!” रेवा ओरडली. (इथे कुठलाही अनोळखी बुवा ‘युअर मॅन’ असतो.) निखिल तिकडे गेला आणि गाडीचं मागचं चाक निवांतपणे चिखलात रुतलं. लगेच चारपाच माणसं धावली. एकाने गाडीभोवती फेरी मारून निदान केलं की मागे ओझं आहे, डिकी रिकामी करा. बाबाही उतरले. “थांबा, मी काढतो सामान,” म्हणत त्यांनी डिकीला हात घातला.

“नको, नको!” मी आणि निखिल एका सुरात किंचाळलो.

“अवो, पुऱ्यांचा डबा तरी काढू द्या.”

“बाबा, तुमची कंबर!” निखिल त्यांना धरून बाजूला घेत म्हणाला. तो नागपूरचा. घाबरला की त्याची भाषा घरी जाते. “तुम्ही काऊन त्रास करून राहिले? आम्ही आहो न.” मग पाच आयरिश आणि एक नागपूरकर यांनी मिळून ओझ्यासकट गाडी ढकलली. निखिल गुडघ्यापर्यंत माखला. पिवळ्या जाकिटाने त्याच्या पाठीवर थाप मारून “यू’ल बी ग्रँड” असं सांगितलं. ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, इथे ते ‘चालतंय की’ या अर्थाने म्हणतात.

झाडांचा बोगदा संपला आणि हवेली समोर आली. करडा दगड, तीन मजले, खिडक्या मोजता मोजता रेवा थकली. प्रत्येक खिडकीत हिरव्या फांद्यांचं एक कडं आणि त्याला लाल फीत. आमच्यासोबत चालणारे एक म्हातारे गृहस्थ थांबून बाबांना म्हणाले, “माझी आजी इथे धुण्याला होती. जन्मभर मागच्या दाराने आली. मी दर वर्षी मुद्दाम पुढच्या दाराने जातो.” आणि खरोखरच टोपी नीट करून ते पायऱ्या चढून गेले. बाबांना ते इतकं पटलं की त्यांनी आम्हालाही पुढच्याच दाराने नेलं, आणि पलीकडच्या दाराने आम्ही अंगणात उतरलो.

आणि काय ते अंगण! दोन वर्षांनी एवढी माणसं एका जागी बघून मला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. तोंडावर मास्क असले तरी डोळे सगळ्यांचे हसत होते. पूर्वी जिथे घोडे बांधत त्या प्रत्येक ठाणात एकेक कारागीर. एक बाई ओल्या वेताची टोपली विणत होती, आणि कुणी बघतंय की नाही याची तिला पर्वा नव्हती. एक पोरगेला लोहार भट्टीवर पानाफुलांच्या नक्षीचे हूक घडवत होता. मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या, शेवाळाने रंगवलेली लोकर, बोगवुडचे (दलदलीत हजारो वर्षं मुरलेलं काळं लाकूड) पक्षी. मधोमध मोठ्या पातेल्यात सफरचंदाचा रस लवंग-दालचिनी घालून उकळत होता. त्या वासाने बाबा जागीच उभे राहिले. “हा काढाच की गं!” म्हणत त्यांनी दोन पेले रिचवले. मग मिन्स पाय आले. आत मांस किंवा चरबी नाही ना, हे बाबांनी विक्रेतीकडून तीनदा वदवून घेतलं, मग एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला: “बेदाण्याची करंजी. पारी जाड झालीया, पण सारणाला तोड नाही. बेदाणा आपल्या तासगावचा पायजे होता.”

ठरल्याप्रमाणे निखिलने बाबांना आणि रेवाला लोहाराकडे अडकवलं. मी धावत शेतात गेले, पेटी चटईत गुंडाळली आणि चोरासारखी बग्गीखान्याच्या दिशेने निघाले. अठरा किलो तरी असेल. वाटेत तिघांनी मदत देऊ केली, आणि एकीने मिश्कीलपणे विचारलं, आत मयत तर नाही ना.

नोरा बग्गीखान्याच्या कोपऱ्यात बसली होती. सत्तरीच्या आसपास, पांढरे केस पेन्सिलीने वर खोचलेले, गुडघ्यावर एका कॉन्सर्टिनाची आतडी. मी चटई उलगडली आणि तिने हातातलं काम खाली ठेवलं.

“अरे देवा, किती सुंदर आहेस तू,” ती पेटीला म्हणाली. माझ्याकडे तिने नंतर पाहिलं.

तिने वरची फळी उघडली, आतल्या पितळी सुरांच्या पट्ट्यांवर टॉर्च मारला आणि खुदकन हसली. “माझ्या मेलोडियनमध्येही याच असतात. ही तर आमच्या घरातलीच निघाली.” मग भात्याचं चामडं चिमटीत धरून पाहिलं, सुटलेला सांधा पाहिला, पेटीला नाक लावून वास घेतला. “साबणाचा वास येतोय. हॉट प्रेस?”

मी मान खाली घातली.

“लाजू नकोस. माझ्याकडे येणारी निम्मी वाद्यं हॉट प्रेसमधून येतात. सरस वितळतो, चामडं वाळतं.” तिने चिमटा उचलला आणि पांढऱ्या दोनच्या पट्टीतून एक गुलाबी धागा ओढून काढला. रेवाच्या टॉवेलाचा! भात्याच्या भेगांवर तिने तात्पुरती चिकटपट्टी मारली, हवा भरली, आणि पांढरी दोन बोलली. मला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली. मी मारलीही असेन.

मग नोराने एक छोटं यंत्र टेबलावर ठेवलं आणि एकेक सूर तपासायला लागली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हा उतरलाय. हा चढलाय. हाही थोडा उतरलाय. उष्णतेने सगळे सरकलेले दिसतात. एक-दोन पट्ट्या आत्ताच बसवून दाखवू? टोकाला जरा घासलं की सूर चढतो.”

“हो, हो, सगळे नीट करून टाका,” मी उंटावरच्या शहाण्यासारखं सांगून टाकलं. तिने पांढऱ्या दोनचीच पट्टी उचलली आणि बारीक कानस टोकाला टेकवली.

“थांबा! स्टॉप! स्टॉप, मॅडम!”

बग्गीखान्याच्या दारात बाबा. एका हातात अर्धा मिन्स पाय, दुसऱ्या हातात रेवा, आणि मागे धापा टाकणारा निखिल. त्याने माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. पेटीचा सूर ऐकून बाबा लोहाराला तसाच सोडून चालत सुटले होते. चाळीस वर्षांचा सोबती, आवाज ओळखणार नाहीत तर काय?

नोराची कानस हवेत थांबली. बाबा आले, त्यांनी आधी पट्टी बघितली, ती घासली गेलेली नाही याची खात्री केली, आणि मग मटकन स्टुलावर बसले.

“सूर सरकलेला नाही,” ते आपल्या बँकेतल्या इंग्रजीत नोराला सावकाश सांगू लागले. “मुद्दाम लावलाय तसा. माझ्या मिसेसच्या आवाजाला.”

मलाही हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुकानातल्या पेटीत सगळे सूर समान अंतरावर बसवलेले असतात, कुठल्याही पट्टीत गा. पण काही वादक एकाच गळ्यासाठी पेटी लावून घेतात: त्या गळ्याचा सा धरायचा आणि बाकीचे सूर त्याच्याशी जुळतील असे केसभर इकडेतिकडे सरकवायचे. आईचा सा काळी पाच. पांढरी दोन तिचा गंधार, म्हणूनच तो यंत्राला उतरलेला वाटत होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाबांनी मिरजेला जाऊन ही पेटी तिच्यासाठी लावून आणली होती. पितळ घासलं की परत येत नाही. एक क्षण उशीर झाला असता, तर मी माझ्या तोंडाने सांगून आईचा गंधार पुसून टाकला असता.

मला रडू कोसळलं. मैत्रिणीची मुलगी, टॉवेल, टाकी, दीड वर्षं, सगळं भडाभडा सांगून टाकलं. निखिल म्हणाला, “बाबा, शाबासकी मीच दिली होती.”

बाबांनी टॉवेलाचा गुलाबी धागा बोटावर घेतला. “कपाटात ठेवलीस त्याचं काय नाही गं. मला असतं माहीत, तर मीही ठेवली असती. पण दीड वर्षात एकदाही उघडावीशी वाटली नाही?”

याचं उत्तर मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. “मला गाता येत नाही, बाबा,” मी म्हणाले. “लहानपणापासून येत नाही. आईबरोबर बसले की वर गेल्यावर माझा आवाज चिरायचा. पेटी समोर आली की तेच आठवतं.”

नोराला मराठी कळत नव्हतं, पण चाललंय काय ते बरोबर कळलं असावं. तिने पट्टी जागेवर बसवली आणि पेटी बाबांकडे सरकवली. बाबांनी हात पुसले, कुणाला तरी नमस्कार केला आणि भूप धरला. चिकटपट्टीचा भाता, हवा इकडून तिकडून जातेय, तरी तो गंधार असा लागला की कोपऱ्यातला टोप्या विकणारा माणूसही उठून आला. बघता बघता पंधरा-वीस माणसं गोळा झाली. पुढच्या दाराने जाणारे आजोबा टोपी काढून उभे होते. बाबा काही मिनिटंच वाजवत होते. मग ते थांबले, आणि पांढरी दोन नुसती एकटीच दाबून धरली, हवा संपेपर्यंत.

टाळ्या विरल्यावर नोरा म्हणाली, “भाता नव्याने चिकटवायला आणि सरस वाळायला महिनाभर लागेल. सूर जसे आहेत तसेच ठेवते. तुमच्या पत्नीच्या गळ्याला. बरोबर?”

मी लगेच मान डोलावली. बाबांनी डोलावली नाही. ते पेटीकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले.

“सा लाव.”

“इथे? बाबा, लोक आहेत.”

“असू देत की. आईचा नको. तुला जिथं बरं वाटतं तिथला लाव. खाली.”

वीस अनोळखी माणसं, लोहाराच्या भट्टीचा धूर, निखिलची चिखलाची पँट. मी डोळे मिटले आणि आवाज सोडला. खाली, जिथे आईबरोबर कधी बसताच आलं नव्हतं तिथे. बाबांची बोटं पेटीवर शोधत गेली आणि थांबली. पांढरी पाच. सूर मिळाला तेव्हा छातीत घुमलं. कुठेही चिरलं नाही.

“दिस वन,” बाबा नोराला म्हणाले, पांढऱ्या पाचवर बोट ठेवून. “सगळे सूर याच्यापासून लावा.”

“बाबा, नको! आईचा सूर जाईल.”

“तुझी आई गायली जन्मभर. आता तुझी पाळी.”

नोराने पुन्हा विचारलं, नक्की ना, पितळ आहे, परत फिरता येत नाही. बाबा म्हणाले, “शुअर, मॅडम.” तिने डोक्यातली पेन्सिल काढली, केस खांद्यावर सुटले, आणि तिने पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर तो सूर लिहून पेटीच्या कडीला बांधला. पेटी घ्यायला महिन्याने यायचं. तेव्हा बाबा सांगलीला पोचलेले असणार. तयार झालेली पेटी ते वाजवणार नव्हते, आणि हे त्यांना चिठ्ठी बांधण्याच्या आधी कळलेलं होतं.

चार वाजताच अंधारायला लागलं. हवेलीच्या खिडक्यांत दिवे लागले. आम्ही मेणबत्त्या, एक टोपली आणि सहा मिन्स पाय घेऊन शेताकडे निघालो. या वेळी चाक रुतलं नाही. मागच्या सीटवर रेवा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

परदेश बघायला गेलं की माणूस वाड्यांच्या उंच्या आणि बागांची लांबी लिहून आणतो. त्या हवेलीचा इतिहास सांगणारी पाटी मी वाचलीसुद्धा नाही. तरी इथल्या अडीच वर्षांत मला या देशात एवढं घरच्यासारखं कधी वाटलं नव्हतं. एका परक्या बाईने बाबांच्या एका हाकेवर कानस थांबवली, आणि माझ्या घरातल्या दोन पिढ्यांची गोष्ट पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून घेतली.

ड्रोहेडा मागे पडल्यावर बाबा पुढे बघतच, पण माझ्यासाठी म्हणाले, “तुझी आई तुला चढ्या पट्टीत वढायची, ते मला दिसत होतं. तू रोज रडवेली होऊन उठायचीस. माझं बोट काळ्या पाचवर असायचं. जरा खाली घेतलं असतं, तर भागलं असतं.”

निखिलने रेडिओ बंद केला.

“का नाही घेतलं, बाबा?”

“तिचा आवाज लागला की मला दुसरं काही ऐकूच यायचं नाही गं,” बाबा म्हणाले. “चुकलं माझं.”

मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग रेवा उठणार नाही इतक्या हळू, तिथल्या तिथे, माझा सा लावला. बाबांनी डोकं सीटला टेकवलं आणि घर येईपर्यंत ऐकत राहिले.